मे महिन्यात होमस्टेचे पाणी कमी पडते तेव्हा: किनारी कोकणासाठी तपासणीचा क्रम

लक्षणे

दापोलीपासून मालवणपर्यंतच्या किनाऱ्यावर ज्या घरांनी निवास-न्याहारीच्या खोल्या काढल्या आहेत, त्यांच्याकडील पाण्याची तक्रार बहुधा एप्रिलच्या मध्यानंतर सुरू होते. तिची रूपे मात्र निरनिराळी असतात आणि दुरुस्ती कोणती करायची हे त्या रूपावरूनच ठरते. त्यामुळे आपल्याकडे पुढीलपैकी नेमके काय घडते आहे, हे आधी दोन दिवस लक्ष ठेवून लिहून काढावे.

- रात्री भरून ठेवलेली टाकी सकाळी पाहुणे उठण्याआधीच निम्म्यावर आलेली असते.
- मोटर नेहमीच्या आवाजात चालते, पण पाणी येत नाही किंवा हवा मारत तुटक तुटक येते.
- विहीर थोड्या वेळात उपसली जाते आणि पुन्हा भरायला दुपार उलटते.
- पाणी भरपूर आहे, परंतु मचूळ लागते, साबणाला फेस धरत नाही आणि गीझरमध्ये थर साचतो.
- नळयोजनेचे पाणी वाडीच्या खालच्या घरांत येते, वरच्या टोकाला पोचत नाही.

या पाचही तक्रारींवर घरात एकच निष्कर्ष निघतो की विहीर आटली, आणि मग टँकर किंवा बोअर यांची चर्चा सुरू होते. दर उन्हाळ्यात याच कामासाठी गावोगाव फिरताना मला असे ठामपणे दिसले आहे की पाणी खरोखरच संपलेले असते अशी घरे थोडी असतात. बहुतेक ठिकाणी पाणी कुठेतरी वाया जात असते, नाहीतर विहिरीत असूनही टाकीपर्यंत चढत नसते. म्हणून खालील तपासण्या याच क्रमाने कराव्यात. पहिल्या तपासण्यांना जवळजवळ काहीच खर्च येत नाही. शेवटच्या उपायांना लाखांत खर्च येतो आणि त्यांतील काही मागे घेता येत नाहीत.

टंचाई नेमकी मे महिन्यातच का येते, हेही समजून घेतले पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवरचा, जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी पटकन आत शिरते, खालच्या चिकण मातीच्या थरावरून वाहत उताराच्या झऱ्यांतून बाहेर पडते आणि पऱ्यांमधून, म्हणजे ओढ्यांमधून, समुद्राला मिळते. फेब्रुवारीनंतर विहिरीत येणारे पाणी दर आठवड्याला कमी होत जाते. नेमक्या त्याच वेळी शाळांच्या सुट्ट्या लागतात, पर्यटक येतात, मुंबईहून चाकरमानी आपापल्या घरी येतात आणि आगराच्या, म्हणजे माडांच्या बागेच्या, शिंपण्याची गरजही सर्वांत जास्त होते.

रात्रीची टाकी-तपासणी

ही तपासणी फुकट आहे आणि पहिल्याच रात्री उत्तर देते. रात्री अकराला, सर्व खोल्यांतील वापर थांबल्यावर, टाकीतील पाण्याची पातळी काठीने मोजावी आणि पहाटे पाचला पुन्हा मोजावी. मधल्या काळात मोटर लावू नये. पातळी लक्षणीय उतरली असेल तर पाणी गळून जात आहे. त्यानंतर टाकीच्या बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करून दुसऱ्या रात्री हेच मोजमाप करावे. व्हॉल्व्ह बंद असताना पातळी टिकली, तर गळती खोल्यांच्या बाजूला आहे. तरीही उतरली, तर टाकीच किंवा तिचा जोड फुटलेला आहे.

खोल्यांच्या बाजूची गळती शोधताना मी सर्वांत आधी संडासाच्या फ्लश टाक्या पाहतो, कारण त्यांची गळती आवाज करत नाही आणि जमीनही ओली करत नाही. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग चिमूटभर टाकून अर्धा तास कोणी फ्लश वापरू नये. एवढ्या वेळात भांड्यात रंग उतरला, तर तळाचे रबर बदलावे. हा भाग थोडक्या पैशांत मिळतो आणि घरच्या घरी बसतो. सहा खोल्यांपैकी दोन फ्लश अशा प्रकारे गळत असतील, तर दिवसाला शेकडो लिटर पाणी जाऊ शकते आणि घरातील कोणाच्या ते लक्षातही येत नाही. टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह अडकून वरच्या नळीतून पाणी छपरामागे वाहत असते, तेही रात्री मोटर लावून एकदा पाहून घ्यावे.

शॉवर किती पाणी ओढतो हे बादली आणि घड्याळ घेऊन मोजावे. पंधरा लिटरची बादली मिनिटभरात भरत असेल, तर दहा मिनिटांच्या आंघोळीला दीडशे लिटर लागतात. बादलीने आंघोळ केली तर तीच गरज वीस ते तीस लिटरमध्ये भागते. कमी प्रवाहाचे शॉवर बसवावेत किंवा एप्रिल-मेपुरते शॉवर बंद करून मोठ्या बादल्या ठेवाव्यात. कारण नीट सांगितले तर पाहुणे सहकार्य करतात, हा माझा अनुभव आहे. आगाऊ नोंदणीच्या वेळीच सांगितले तर अधिक करतात.

हिशेब कागदावर मांडावा

मुक्कामाच्या पाहुण्याला माणशी १३५ लिटर धरावे. ग्रामीण नळयोजनांसाठी जल जीवन मिशनचे माप माणशी दररोज ५५ लिटरचे आहे, म्हणजे गावची योजना पर्यटकांच्या वापराचा विचार करून आखलेलीच नसते. सहा खोल्यांत अठरा माणसे असतील तर सुमारे २४०० लिटर लागतात. घरची माणसे, स्वयंपाक आणि चादरी धुणे मिळून आणखी हजारभर लिटर धरावे. आता आगर मोजा. ठिबकवरील नारळाच्या झाडाला उन्हाळ्यात दिवसाला साधारण ३० ते ४० लिटर लागतात; चाळीस माडांना दीड हजार लिटरच्या आसपास. आळी भरून पाणी देण्याची पद्धत असेल, तर ही गरज कितीतरी वाढते. अनेक घरांत पाहुण्यांइतकेच पाणी आगर पीत असते, आणि पहाटे शिंपण्याची मोटर चालल्यामुळे ऐन आंघोळीच्या वेळी विहीर तळाला गेलेली असते. शिंपणे रात्री उशिरा नेले, ठिबक बसवले आणि आळ्यांत झावळ्यांचे आच्छादन घातले, की यातील बरीच ओढाताण विहिरीला हात न लावता संपते.

आंघोळीचे आणि कपड्यांचे सांडपाणी संडासाच्या पाण्यापासून वेगळे करून माडांच्या मुळाशी सोडता येते. भांड्यांचे तेलकट पाणी मात्र आधी जाळीच्या खड्ड्यातून न्यावे, नाहीतर माती चिकटून बसते.

मोटर चालते, पाणी येत नाही

हा उन्हाळ्यातील सर्वांत फसवा बिघाड आहे. विहिरीच्या काठावर ठेवलेली मोनोब्लॉक मोटर पाणी ओढून घेते, आणि ओढण्याला निसर्गाचीच मर्यादा आहे: हवेच्या दाबामुळे समुद्रसपाटीला जास्तीत जास्त १०.३ मीटर, आणि घर्षण, वाकणे व झिज धरून प्रत्यक्षात सुमारे ७ मीटर. जानेवारीत पाणी पाच मीटरवर असते तोवर तीच मोटर उत्तम चालते. मे महिन्यात पातळी आठ मीटरवर गेली की विहिरीत दोन माणूस पाणी असले तरी मोटर ते उचलत नाही. अशा वेळी जास्त अश्वशक्तीची मोटर आणली तरी काही फरक पडत नाही, कारण मर्यादा मोटरच्या ताकदीची नसून ओढण्याच्या उंचीची आहे.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी दोरीला वजन बांधून मोटरच्या मध्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. ते सात मीटरच्या आत असेल, तर आधी फूट व्हॉल्व्ह, म्हणजे ओढणीच्या पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची झडप, पाहावा. त्याच्या झडपेत काडी किंवा वाळूचा खडा अडकला की मोटर बंद केल्याबरोबर पाइपातील पाणी खाली उतरते आणि पुढच्या वेळी हवा अडकते. त्यानंतर ओढणीच्या पाइपाचे जोड आणि ग्लँड (मोटरच्या दांड्याभोवतीचे भरण) तपासावेत, कारण पाणी बाहेर न गळणाऱ्या जोडातूनही हवा आत शिरते. अंतर सात मीटरपेक्षा जास्त असेल, तर विहिरीत बुडणारी ओपनवेल मोटर हा कायमचा उपाय आहे. तिच्यासोबत कोरडी मोटर आपोआप बंद करणारे उपकरण बसवावे, कारण उपसलेल्या विहिरीत रात्रभर चाललेली मोटर हमखास जळते.

व्होल्टेजही पाहावे. सुट्टीच्या संध्याकाळी गावात एकाच वेळी पंखे, फ्रीज, वातानुकूलन यंत्रे आणि मोटरी चालू असतात आणि वाडीच्या टोकाला दाब बराच उतरतो. २३० व्होल्टच्या मोटरला १८० च्या खाली दाब मिळत असेल, तर ती गरम होते, कमी पाणी फेकते आणि वारंवार ट्रिप होते. पॅनेलवरचा व्होल्टमीटर वाचणे आणि उपसा दाब चांगला असण्याच्या वेळेला नेणे एवढे आपण करावे. पॅनेल उघडून आत काही बदलण्याचे काम परवानाधारक वायरमनचे आहे. ओल्या जागेतील या कामात घरच्या माणसाने हात घालू नये.

नळयोजनेच्या टोकाचे घर

जलकुंभ भरलेला असूनही टोकाच्या घरांना पाणी मिळत नसेल, तर आधी वाडीत कोणी नळाला थेट मोटर लावते आहे का, हे सर्वांनी मिळून पाहावे. अशी मोटर शेजाऱ्याचे पाणी तर ओढतेच, शिवाय पाइपातील दाब शून्याखाली गेल्यामुळे फुटक्या जोडातून गटाराचे पाणी आत खेचते. हंगामात एकाच घरात कावीळ किंवा जुलाबाचे चार रुग्ण निघाले, तर कारण शोधताना हीही शक्यता तपासावी. दुसरे कारण म्हणजे चढावरच्या पाइपात अडकलेली हवा. तेथे एअर व्हॉल्व्ह असतो, तो गंजून बंद पडलेला असतो आणि कित्येकदा रस्त्याच्या भरावाखाली गाडला गेलेला असतो. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला ही जागा बहुधा ठाऊक असते. वरच्या आणि खालच्या वाडीला वेगवेगळ्या वेळी पाणी सोडण्याचा निर्णय ग्रामपंचायत एका बैठकीत घेऊ शकते, आणि एप्रिल-मेमध्ये तो घेतलाच पाहिजे.

विहिरीची खरी क्षमता

वरील सर्व तपासण्या झाल्यावरच विहिरीकडे यावे. विहीर नेहमीप्रमाणे उपसून मोटर बंद करावी आणि पाणी तासाला किती चढते ते मोजावे. तीन मीटर व्यासाच्या गोल विहिरीत एक सेंटिमीटर चढ म्हणजे सुमारे ७० लिटर पाणी. तासाला दहा सेंटिमीटर चढत असेल तर ती विहीर तासाला ७०० लिटर देते. चोवीस तासांत हिशेबाने सोळा हजार लिटरहून अधिक. प्रत्यक्षात पातळी वर येईल तशी आवक मंदावते, म्हणून त्याच्या निम्मे धरावे. तेवढे पाणीही सहा खोल्यांना पुरते. अडचण एवढीच असते की सकाळच्या दोन तासांत तीन हजार लिटर लागतात आणि साठवण हजार लिटरची असते. अशा घरी जमिनीलगत पाच हजार लिटरची टाकी ठेवून रात्री तीन-चार वेळा थोडा थोडा उपसा केला, तर टंचाई मिटते. बोअरच्या खर्चाच्या मानाने हा खर्च फारच कमी आहे.

हे माप दर पंधरा दिवसांनी एका वहीत लिहावे. मार्चमधील आकडे पाहून मे महिन्यात किती खोल्या देता येतील हे ठरवता येते. विहीर देईल त्याहून जास्त नोंदणी घेऊन रोज टँकर मागवण्यापेक्षा दोन खोल्या बंद ठेवणे शहाणपणाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. टँकरचे पाणीही शेवटी शेजारच्या कुठल्यातरी गावच्या झऱ्यातूनच येते. टँकर घ्यावाच लागला तर पाणी कुठून भरले हे विचारावे आणि ते पिण्यासाठी वापरण्याआधी क्लोरिन द्यावे. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम पुरते, आणि अर्ध्या तासानंतर क्लोरिन शिल्लक आहे का हे ओटी चाचणीने (द्रावणाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे होते का ते पाहून) तपासावे.

गाळ साचून झरे बुजले असतील, तर गाळ काढण्याचा काळ एप्रिल-मे हाच आहे, कारण तेव्हा तळ दिसतो. मात्र हे काम सराईत माणसांकडूनच करून घ्यावे. खोल विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो, डिझेल पंप आत उतरवला तर विषारी धूर साचतो, आणि एक माणूस बेशुद्ध पडल्यावर त्याला काढायला उतरलेले दुसरे दोघे दगावण्याच्या घटना सर्वत्र घडतात. कंदील खाली सोडून पाहण्याच्या पद्धतीवर विसंबू नये. विषारी वायू असूनही कंदील जळत राहू शकतो.

पाणी मचूळ झाले असेल तर

येथे घाई सर्वांत जास्त नुकसान करते. किनाऱ्याच्या जमिनीत गोडे पाणी हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर सपाटीखाली ढोबळमानाने चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. याचा उलट अर्थ असा, की उपशामुळे वरची पातळी थोडीशी उतरली तरी खालचे खारे पाणी त्याच्या कितीतरी पट वर सरकते. म्हणून किनाऱ्याजवळची मचूळ विहीर आणखी खोल करणे किंवा तिच्या शेजारी बोअर मारणे म्हणजे खाऱ्या पाण्याकडे स्वतःहून जाणे होय.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे स्वस्त टीडीएस मीटर घेऊन उपसा सुरू करताना, अर्ध्या तासाने आणि रात्रभर विश्रांती दिल्यावर सकाळी असे तीन वेळा मोजावे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर ही योग्य मर्यादा आणि दुसरा स्रोत नसल्यास २००० ही कमाल मर्यादा दिली आहे. उपशाबरोबर आकडा चढत असेल आणि विश्रांतीनंतर उतरत असेल, तर विहीर अजून वाचवता येते: लहान मोटर लावावी, उपसा अनेक वेळांत विभागावा आणि पाणी तळातून न घेता वरच्या थरातून घ्यावे. विश्रांतीनंतरही आकडा उतरत नसेल, तर त्या हंगामापुरता उपसा थांबवावा.

खाडीलगतच्या गावांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. खारबंधाऱ्याच्या, म्हणजे भरतीचे पाणी शेताबाहेर ठेवणाऱ्या बांधाच्या, उघाडीची (पाणी बाहेर सोडण्याच्या दाराची) झडप कुजली किंवा तिच्यात ओंडका अडकला, तर प्रत्येक भरतीला खारे पाणी शेतात शिरते आणि आतल्या विहिरी मचूळ होतात. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीनंतर विहिरीचा टीडीएस वाढत असेल, तर विहिरीवर खर्च करण्याआधी उघाडी पाहून यावी.

पुढच्या वर्षासाठी

छपरावर पडणाऱ्या एक मिलिमीटर पावसाचे एका चौरस मीटरला एक लिटर पाणी होते. शंभर चौरस मीटर छपरावरून, वाया जाणारे वगळून, ३००० मिलिमीटर पावसात सुमारे २,४०,००० लिटर मिळतात. प्रश्न साठवणीचा आहे. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत पंचावन्न दिवस धरले आणि रोज हजार लिटर कमी पडत असतील, तर ५५,००० लिटरची झाकलेली टाकी हवी. एवढे पाणी जुलैतच भरून होते. पुढे आठ महिने ते उन्हापासून आणि डासांपासून जपायचे असते. छपराचे पाणी विहिरीत सोडून मेपर्यंत टिकेल अशी अपेक्षा जांभ्याच्या जमिनीत धरू नये, कारण ते त्याच हिवाळ्यात झऱ्यांतून निघून जाते. पऱ्यावरचे वनराई बंधारे, म्हणजे मातीने भरलेल्या पोत्यांचे तात्पुरते बांध, वाहते पाणी भरपूर असताना, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घालावेत. त्यांनी खालच्या विहिरींची पातळी काही आठवडे जास्त टिकते. जानेवारीत घातलेल्या बंधाऱ्यामागे अडवायला फारसे पाणीच उरलेले नसते.

कुठे थांबावे

विहिरीचे चिरे सरकले असतील, काठाची जमीन खचत असेल, बोअरमधील मोटर अडकली असेल किंवा सुरुंग लावून तळ फोडण्याचा विचार असेल, तर त्याच क्षणी काम थांबवून जाणकाराला बोलवावे. पाण्याला वास किंवा रंग आला असेल, किंवा शोषखड्डा विहिरीपासून वीस मीटरच्या आत असेल, तर चव पाहून निर्णय न घेता नमुना प्रयोगशाळेत द्यावा. पातळी उतरलेल्या विहिरीत सांडपाणी अधिक सहज शिरते. नवी बोअर किंवा विहीर घेण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातील भूवैज्ञानिकाचा सल्ला घ्यावा. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोताजवळ नवी विहीर घेण्यावर राज्याच्या भूजल कायद्यात निर्बंध आहेत आणि भरतीरेषेलगतच्या उपशावर किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात. भूवैज्ञानिकांना दाखवायला विहिरीच्या चढीची वही, टीडीएसचे तिन्ही आकडे, विहिरीची खोली आणि समुद्रापासूनचे अंतर एका कागदावर तयार ठेवावे. हे आकडे हाती असले तर त्यांची पहिलीच भेट कामी येते.